उन्हाळ्यातले बडोदे: चित्रांचा एक दिवस आणि चित्राचे मोल ओळखण्याची रीत

मे महिन्यात बडोद्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. मुलांना सुट्टी असते, पुण्या-मुंबईचे पाहुणे आलेले असतात आणि त्यांना कुठे न्यावे हा प्रश्न घरोघरी पडतो. चित्रे पाहायला न्या. या शहरात चार-पाच किलोमीटरच्या आत भिंतीवर रंगवलेली चित्रे आहेत, जगात एकच प्रत असलेली तैलचित्रे आहेत आणि शिकाऊ कलाकारांनी हाताने छापलेली चित्रेही आहेत. हे सगळे एका दिवसात, योग्य क्रमाने पाहिले तर एखाद्या चित्राला कोटी का मिळतात, दुसऱ्याला हजार का मिळतात आणि तिसरे कुणी विकूच का शकत नाही, हे पुस्तक न उघडता कळू लागते. पैशाचा हिशेब समजायला हरकत नाही. पण तो नजर तयार झाल्यावर शिकावा, आधी शिकला तर चित्र दिसतच नाही.

तयारी आदल्या दिवशी करा. सोमवार आणि सरकारी सुट्टीचा दिवस टाळा, कारण राजवाड्याच्या आवारातले संग्रहालय सोमवारी बंद असते आणि सरकारी संग्रहालय सुट्टीच्या दिवशी. तिकिटाचे दर आणि वेळा बदलत राहतात, तेव्हा फोन करून विचारून घ्या. कीर्तिमंदिर या गायकवाडांच्या स्मारकाच्या आत जायला मिळेल का, तेही तेव्हाच विचारा. माणशी दोन लिटर पाणी लागते. त्यातल्या एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला (चमचा चहाचा). मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झाले तर लहान मुलांना अपाय होतो. कैरीचे पन्हे सोबत असेल तर उत्तमच. पिशवीत एक वही, दोन शिसपेन्सिली आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग ठेवा. सराफ किंवा घड्याळवाले वापरतात तेच भिंग. शाईचे पेन घरी राहू द्या, दालनात ते काढले की रखवालदार हटकतो आणि त्याचे बरोबरच असते. पायात आवाज न करणाऱ्या मऊ तळव्यांच्या चपला घाला. कपडे सुती, बाह्या पूर्ण.

सकाळी सातला जुन्या शहरात पोचा. सूरसागर तलाव, १८९६ सालचे न्यायमंदिर आणि मांडवी दरवाजा एवढे पायी पाहून घ्या, नवाच्या आत. नंतर दगड तापतो आणि मान वर करून नक्षी बघणे नकोसे होते. न्याहारीला सेव-उसळ खायची तर इथेच, पण तर्री बेताची मागा. तिखट पोटात घेऊन उन्हात फिरले की दुपारपर्यंत तहान भागत नाही.

मग तांबेकर वाडा. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा रावपुऱ्यातला लाकडी वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. वरच्या मजल्यावर एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे आहेत. कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठ्यांच्या लढाया, मधूनच गौरवर्णी मडमा. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरल्यावर पहिली पाच-सात मिनिटे काहीच करू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. बहुतेक लोक याच पाच मिनिटांत 'चित्रे फिकट झालीत' म्हणून जिना उतरतात. नजर बसली की लाल आणि निळे रंग हळूहळू वर येतात. फ्लॅश मारू नका, भिंतीला बोट लावू नका. हाताच्या घामातले मीठ आणि तेल गिलाव्यात मुरते, तिथे पुढे रंगाचे पोपडे सुटतात. भिंतीच्या खालच्या भागात पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर तो जमिनीतून चढलेल्या ओलीबरोबर आलेला क्षार असतो. भित्तिचित्राचा सर्वांत मोठा शत्रू तोच.

इथे उभे असतानाच वहीत पहिली नोंद करा: हे चित्र काढून नेता येत नाही, म्हणून बाजारात याला भाव नाही. वाडा पडला तर चित्र संपले. भाव नसलेल्या गोष्टीवर देश पहारा का ठेवतो, याचा विचार मुलांना करायला सांगा. उत्तर लगेच द्यायची घाई करू नका.

साडेदहाच्या सुमारास रिक्षाने कमाटीबागेत या. वाटेत काळा घोडा लागतो, म्हणजे सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा. डर्वेंट वुड या इंग्रज शिल्पकाराचे १९०७ सालचे काम. रिक्षा दोन मिनिटे थांबवा आणि घोड्याच्या पायांच्या शिरा पाहून घ्या. बागेत विश्वामित्रीच्या काठावर खाली उतरू नका, नदीत मगरी आहेत.

बागेतल्या सरकारी संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली, शेजारच्या चित्रदालनाची १९१४ मध्ये. पण चित्रदालन उघडले ते १९२१ मध्ये. युरोपातली चित्रे मॅरियन स्पीलमन या इंग्रज समीक्षकाने निवडली होती आणि महायुद्धामुळे ती बोटीने आणता येईनात. एका संस्थानाचा राजा स्वतःच्या दिवाणखान्यासाठी नव्हे, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसासाठी चित्रे विकत घेतो आणि ती यावीत म्हणून वर्षानुवर्षे थांबतो, ही गोष्ट बडोदेकराने पाहुण्याला अभिमानाने सांगावी.

आता सगळ्यात नेहमीची चूक. लोक सगळे मजले पुरे करायला निघतात. ममी, निळ्या देवमाशाचा सांगाडा, तिबेटी दालन, लघुचित्रे, आणि तासाभरात नजर थकते. मग माणूस चित्रे बघत नाही, पाट्या वाचत पुढे सरकतो. मुले असतील तर देवमासा आणि ममी आधी उरकून टाका, नाहीतर ती तुम्हाला दुसरे काही पाहू देणार नाहीत. त्यानंतर फक्त पाच वस्तू निवडा आणि प्रत्येकीला दहा मिनिटे द्या.

त्या दहा मिनिटांची रीत अशी. पहिली दोन मिनिटे पाटीकडे पाहायचे नाही. पंधरा फुटांवरून पाहा: उजेड कुठून येतो, नजर प्रथम कुठे जाते. मग पाच फुटांवर या: माणसे कोण, एकमेकांकडे पाहतात की आपल्याकडे. मग दीड फुटावर, हात पाठीमागे बांधून: रंगाचा थर जाड की पातळ, कुंचल्याचे फटकारे दिसतात की पुसलेले, भेगा कशा पडल्यात. पुन्हा मागे सरका. वहीत तीन ओळी लिहा आणि एक ओबडधोबड रेखाटन करा. चित्रकला येत नसली तरी करा, कारण हात फिरला की डोळ्याने काय सोडले ते समजते. पाटी सर्वांत शेवटी वाचायची.

पाचांतली एक वस्तू अकोट्याच्या ब्राँझ मूर्तींमधली हवीच. आज बडोद्याचे उपनगर झालेल्या अकोट्यात १९५१ मध्ये ६८ जैन ब्राँझ मूर्ती सापडल्या. साधारण पाचव्या ते अकराव्या शतकातल्या. त्यातली चामरधारिणी जरूर पाहा: किंचित कललेली कंबर, अंगाला चिकटलेले वस्त्र. वितळवून धातू म्हणून विकली तर काही किलोचे पैसे येतील. तिचा घडवणारा अनाम आहे, त्यामुळे नावाची किंमतही तिला नाही. तरीही तिच्यासमोर दहा मिनिटे कमी पडतात. नावाशिवायची कलाकृती दिवसाच्या सुरुवातीलाच पाहून घ्यावी असे आम्हाला आग्रहाने वाटते, कारण दुपारनंतर मोठी नावे सुरू होतात.

युरोपीय चित्रांसमोर मात्र पाटीची भाषा नीट समजून घ्या. नुसते चित्रकाराचे नाव असेल तर काम त्याचे. 'अमक्याचे मानलेले' असेल तर अंदाज. 'अमक्याची कार्यशाळा' म्हणजे त्याच्या देखरेखीखाली शिष्यांनी केलेले. 'अमक्याची शैली' किंवा 'अमक्यानंतर' म्हणजे दुसऱ्याने, बहुधा पुढच्या काळात. बाजारात या चार पाट्यांच्या भावात प्रचंड अंतर पडते, आणि नव्या संशोधनाने पाटी बदलली की तेच चित्र, त्याच रंगांचे, एका दिवसात स्वस्त किंवा महाग होते.

पाऊण-एक वाजता बाहेर पडा आणि पंख्याखाली नीट जेवा. ताक घ्या. कुणाला डोके जड वाटले, मळमळले किंवा घाम येणे थांबून अंग तापले, तर दिवस तिथेच थांबवा. सावलीत निजवून ओल्या फडक्याने अंग पुसा. बोलण्यात गोंधळ दिसला तर थेट दवाखाना.

दुपारचे दोन ते चार हे तास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयासाठी. ही इमारत पूर्वी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती, संग्रहालय १९६१ पासूनचे. राजवाडाही पाहायचा असेल तर वेगळा दिवस काढा, एकाच दुपारी दोन्ही कोंबू नका. आत फोटोला मनाई असते. राजा रविवर्म्याची चित्रे इतक्या संख्येने एकत्र फार थोड्या ठिकाणी आहेत. तो १८८१ च्या सुमारास सयाजीरावांच्या राज्याधिकार समारंभाच्या निमित्ताने बडोद्याला आला आणि पुढे दरबारासाठी चौदा पौराणिक चित्रांचे काम त्याला मिळाले. 'सीतेचा भूमिप्रवेश' आणि 'कंसमाया' यांच्यासमोर वरची दहा मिनिटांची रीत वापरा. निऱ्या पाहा, काठांवरची चमक पाहा. केरळच्या चित्रकाराने पुराणातल्या बायकांना नऊवारी नेसवली, आणि पुढे छापील चित्रांमुळे देशभराच्या मनात देवी तशीच दिसू लागली.

या छापील चित्रांपाशी मात्र रेंगाळायला हवे, कारण बडोद्याच्या आणि महाराष्ट्राच्या अनेक जुन्या घरांत एखादी लक्ष्मी किंवा सरस्वती भिंतीवर असते आणि ती 'अस्सल रविवर्मा' आहे असे सांगितले जाते. चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात ही सूचना रविवर्म्याला दिवाण टी. माधवराव यांनी केली होती. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. छपाई शिळेवर होत असे. एकेका रंगासाठी वेगळा दगड, म्हणजे एका चित्राला दहा किंवा अधिक दगड. दगडावर तेलकट खडूने आणि शाईने कारागीर हाताने ठिपके काढत. ओल्या दगडावर शाई फक्त तेलकट भागाला धरते. शेवटी कागदावर वार्निश किंवा कॅनव्हाससारखा उठाव.

घरातली प्रत तपासायची असेल तर काच काढून, दिवसाच्या उजेडात, दहापट भिंगातून गालाचा किंवा आकाशाचा भाग पाहा. ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे, आणि गुलाबी, फिकट निळा, पिवळसर असे वेगवेगळ्या शाईंचे असतील तर ती शिळाछाप. ठिपके एकसारखे, जाळीत बसवलेले, लहान फुलासारखी वर्तुळे करणारे आणि चारच रंगांचे असतील तर ती अलीकडची ऑफसेट छपाई. इंकजेटचे ठिपके धुरळ्यासारखे विखुरलेले दिसतात. मग खालच्या कडेला छापखान्याचे नाव पाहा. ते असले म्हणून खात्री नाही, कारण जुन्या प्रतीचा फोटो काढून छापला की नावही छापून येते. निकाल ठिपक्यांवर लावा. कागद पाहा: जुना कागद कडांकडून आत तपकिरी होत जातो आणि कोपऱ्यांना ठिसूळ असतो. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला कागद सगळीकडे सारखाच रंगलेला दिसतो, पाठीमागूनही. जुनी चौकट फसवी असते, तिच्यात कालचा कागदही बसतो. आणि शिळाछाप निघाली तरी ती रविवर्म्याच्या हातची नव्हे, हजारो प्रतींपैकी एक. म्हणून तिची किंमत मूळ तैलचित्राच्या जवळपासही जात नाही. पणजीने तिच्यासमोर रोज निरांजन ओवाळले असेल तर घराच्या दृष्टीने तिला तोड नाही. हे दोन हिशेब वेगळे ठेवा, म्हणजे विकण्याच्या वेळी वाद होत नाहीत.

कायद्याचेही एवढे लक्षात असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली रविवर्मा, नंदलाल बोस, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ ठाकूर, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक यांची भारतातली चित्रे देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत. त्यांचा खरेदीदार देशातच शोधावा लागतो आणि भावावर त्याचा परिणाम होतो. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूलाही निर्यातबंदी आहे. अमेरिकेतल्या भाच्याला आजोळची मूर्ती सामानात घालून देण्याआधी हे आठवा.

पाचच्या पुढे ऊन उतरते. कीर्तिमंदिरात प्रवेश मिळणार असेल तर आता जा. १९३६ च्या या गायकवाड स्मारकात नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीराबाई, महाभारतातले युद्ध आणि रवींद्रनाथांच्या नाटकावरचे 'नटीर पूजा'. दुपारी रविवर्म्याच्या निऱ्यांवरची चमक पाहिलेल्या डोळ्यांना इथे सावल्या जवळजवळ दिसत नाहीत, फक्त रेषा धावते. हा फरक त्याच दिवशी पाहिला तरच नीट भिनतो. आणि सकाळच्या वाड्याप्रमाणेच, हेही चित्र लिलावात कधी येणार नाही.

जवळच विद्यापीठाची ललित कला शाखा आहे, १९५० पासूनची. इंदूरला जन्मलेले ना. श्री. बेंद्रे इथे चित्रकला शिकवत, के. जी. सुब्रमण्यनही. १९६२ मध्ये मुंबईहून आलेले भूपेन खख्खर इथे कलासमीक्षा शिकले आणि त्यानंतर कित्येक वर्षे एका कारखान्याचे हिशेब लिहून चित्रे काढत राहिले. त्यांचे १९८२ सालचे 'टू मेन इन बनारस' २०१९ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात सुमारे पंचवीस लाख पौंडांना गेले, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. रंग तेच, कॅनव्हास तोच. मधल्या काळात २०१६ ला लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले, चित्र नावाजलेल्या संग्रहात होते आणि नवे खख्खर आता निघणार नव्हते. भाव वाढतो तो अशा कारणांनी: कोणाचे, किती शिल्लक, आजवर कुणाकुणाकडे होते, अवस्था कशी, आणि कुणी दाखवले. चित्र चांगले असणे ही पहिली अट, पण तेवढ्याने भाव येत नाही.

उन्हाळी परीक्षांच्या सुमारास शाखेत विद्यार्थ्यांची कामे मांडलेली असतात. आत जाण्याआधी फाटकावर विचारा. विकत घ्यायचे असेल तर आधी आपली मर्यादा ठरवा, समजा पाच हजार, आणि तैलचित्राऐवजी हाताने छापलेल्या चित्राकडे वळा. तेवढ्या पैशात खरे काम मिळण्याची शक्यता तिथेच जास्त. धातूच्या पत्र्यावरून छापलेल्या एचिंगला पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन कागदावर बोटाला लागतो (मागून चाचपा, पुढून नाही). खाली पेन्सिलीने डावीकडे ५/२० सारखा आकडा, उजवीकडे सही. वीस ही एकूण प्रतींची संख्या. ए. पी. म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी काढलेली प्रत. पाच हा आकडा बहुधा छपाईचा खरा क्रम दाखवत नाही, त्यामुळे लहान आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. अपवाद ड्रायपॉइंटचा, म्हणजे आम्लाशिवाय सुईने थेट पत्र्यावर कोरलेल्या चित्राचा: त्यात सुईने वर काढलेली धातूची कड दाबाखाली लवकर झिजते आणि उशिराच्या प्रतींत रेषेचा मखमलीपणा जातो. 'मर्यादित आवृत्ती' म्हणून इंकजेट प्रिंट पुढे केली तर भिंग काढा.

घासाघीस करू नका. विद्यार्थ्याने पत्रा, आम्ल, शाई आणि सुती कागद स्वतःच्या पैशाने आणलेला असतो. त्याऐवजी पावती लिहून घ्या: नाव, शीर्षक, माध्यम, वर्ष, प्रतीचा क्रमांक, मापे, रक्कम, सही. वीस वर्षांनी या कागदाशिवाय चित्र कुणाचे हे सिद्ध करता येत नाही. चित्र तुमचे झाले तरी त्याचे छपाईहक्क कलाकाराकडेच राहतात, तेव्हा लग्नपत्रिकेवर ते छापायचे असेल तर विचारा.

घरी नेताना कागद गुंडाळायचाच तर नळी किमान चार इंच व्यासाची हवी, आत बटर पेपर. अॅक्रिलिक चित्राला हवेचे फुगे असलेले प्लास्टिक थेट लावू नका. मे महिन्यात बंद गाडीत रंग मऊ पडतो आणि फुग्यांचे वण कायमचे उठतात. फ्रेमवाल्याला आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) मागा, कागद काचेला चिकटणार नाही एवढे अंतर ठेवायला सांगा, आणि सेलोटेप लावू देऊ नका. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो. चित्र मैद्याच्या खळीने आणि पातळ कागदाच्या दोन पट्ट्यांनी फक्त वरच्या कडेला टांगायचे, म्हणजे दमट हवेत कागद फुगला तरी सुरकुती पडत नाही. पश्चिमेच्या उन्हाची भिंत नको, स्वयंपाकघराला लागून असलेली भिंतही नको. पावसाळ्याआधी चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा. भिंत आणि चौकट यांच्यात वारा खेळला की बुरशी धरत नाही.